जुन्या उद्यान ट्रॅक्टरचे पुनरुज्जीवन

जुन्या उद्यान ट्रॅक्टरचे पुनरुज्जीवन म्हणजे घराभोवतीच्या मोठ्या बागेसाठी बनवलेला आणि अनेक वर्षे बंद पडून राहिलेला लहान ट्रॅक्टर पुन्हा चालता करणे व त्यानंतर त्याचे भाग, रचना आणि बाह्यरूप पूर्वस्थितीस आणणे होय. हा छंद मुख्यतः अमेरिकेत आणि काही प्रमाणात ब्रिटनमध्ये रुजलेला आहे. त्यात दोन स्वतंत्र कामे येतात. पहिले काम इंजिन व चाके यांना सुरक्षितपणे गती देण्याचे, तर दुसरे यंत्र पूर्ववत करण्याचे. ही दोन्ही कामे एकाच वेळी हाती घेतल्याने अर्धवट सुटे करून ठेवलेले अनेक ट्रॅक्टर पुढे भंगारात जातात. म्हणून अनुभवी संग्राहक आधी यंत्र चालू करून पाहतात आणि मगच त्याच्या रंगारंगोटीचा विचार करतात.

प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीचे १९६० च्या दशकातील 'कब कॅडेट' ट्रॅक्टर आणि त्यांवर बसवलेले कोहलर कंपनीचे 'के' मालिकेतील एका सिलिंडरचे इंजिन घेतले आहे. त्या काळातील इतर कंपन्यांच्या अनेक ट्रॅक्टरांवरही याच मालिकेतील इंजिने असल्याने पुढील विवेचन त्यांनाही बहुतांशी लागू पडते.

संज्ञा व व्याप्ती

'उद्यान ट्रॅक्टर' हा शब्द महाराष्ट्रातील वाचकाची थोडी दिशाभूल करू शकतो. नाशिक किंवा सांगली भागातील द्राक्षबागांत चालणारे अरुंद, ठेंगणे ट्रॅक्टर हे डिझेलवर चालणारे खरेखुरे शेती-ट्रॅक्टर असतात. येथे अभिप्रेत असलेले यंत्र त्याहून पुष्कळ लहान, पेट्रोलवर चालणारे, साधारणतः ७ ते २० अश्वशक्तीचे आणि घरगुती वापराचे असते. त्याच्या पोटाखाली गवत कापण्याची पाती बसवता येतात. मात्र केवळ गवत कापणाऱ्या, बसून चालवायच्या हलक्या यंत्रांहून ते वेगळे असते. त्याची चौकट जाड पोलादाची असते, मागील धुरा व गिअरपेटी वजनदार असते आणि त्याला लहान नांगर, कुळव, माती किंवा बर्फ ढकलण्याचे पाते अशी अवजारे जोडता येतात. हा जडपणा हेच या यंत्रांच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण आहे. पातळ पत्र्याची हलकी यंत्रे केव्हाच वितळवली गेली. ही मात्र गोठ्यांत आणि झाडांखाली गंजत का होईना, टिकून राहिली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बागकामासाठी लहान यांत्रिक साधन बनवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले होते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली यांनी १९१६ मध्ये मागे चालत हाकायच्या यांत्रिक नांगराचे एकस्व मिळवले. इंग्लंडमध्ये इप्सविच येथील रॅन्सम्स कंपनीने १९३६ मध्ये 'एमजी' हा साखळीपट्ट्यावर चालणारा छोटा ट्रॅक्टर बाजारात आणला. तो बागायतदार व लहान शेतकरी यांच्यात लोकप्रिय झाला.

बसून चालवायच्या उद्यान ट्रॅक्टरांची खरी भरभराट दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झाली. शहरांबाहेर मोठमोठ्या भूखंडांवर घरे उभी राहिली. एवढे गवत हाताने कापणे शक्य नव्हते आणि त्यासाठी शेतीचा ट्रॅक्टर ठेवणे परवडणारे नव्हते. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे पाँड कुटुंबाने १९४६ पासून उभा केलेला 'व्हील हॉर्स' हा उद्योग, विस्कॉन्सिनमधील पोर्ट वॉशिंग्टन या एकाच गावातील 'सिंप्लिसिटी' व 'बोलेन्स' या कंपन्या आणि पुढे मोठे शेती-ट्रॅक्टर बनवणारे कारखानदार या बाजारात उतरले. जॉन डिअर कंपनीचा पहिला उद्यान ट्रॅक्टर '११०' हा १९६३ सालचा आहे.

इंटरनॅशनल हार्वेस्टरने केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील कारखान्यात १९४७ पासून 'फार्मऑल कब' हा लहान शेती-ट्रॅक्टर बनवण्यास प्रारंभ केला होता. त्याच कारखान्यातून १९६१ सालचे प्रतिमान म्हणून 'कब कॅडेट' बाहेर पडला. संग्राहक या पहिल्या प्रतिमानाला आज 'ओरिजिनल' म्हणून ओळखतात. त्यावर कोहलरचे ७ अश्वशक्तीचे 'के-१६१' इंजिन होते आणि इंजिनाची गती पट्ट्याने गिअरपेटीपर्यंत जात असे. गिअरपेटीत पुढचे तीन व मागचा एक असे गिअर होते आणि तिची घडण फार्मऑल कबच्या धर्तीवर होती. घरगुती यंत्रात शेती-ट्रॅक्टरच्या वंशातील गिअरपेटी बसवल्यामुळे हे ट्रॅक्टर साठ वर्षांनंतरही चालू स्थितीत आढळतात. १९६३ मध्ये आलेल्या '७०' व '१००' या प्रतिमानांत पट्टा जाऊन थेट दांड्याने गती देण्याची पद्धत आली. १९८१ मध्ये हा व्यवसाय एमटीडी या कंपनीकडे गेला. त्यामुळे 'जुना कब कॅडेट' म्हटले की जाणकारांच्या मनात सामान्यतः १९८१ पूर्वीचीच यंत्रे असतात.

प्राथमिक पाहणी

यंत्र हाती आल्यावर सर्वांत मोठा मोह असतो तो बॅटरी जोडून 'लागते का' हे पाहण्याचा. कित्येक इंजिनांचा शेवट याच क्षणी झालेला आहे. जुन्या ऑइलमध्ये पाणी साचलेले असते, सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात आणि पंख्याच्या आवरणाखाली उंदरांनी घरटे केलेले असते. अशा स्थितीत इंजिन सुरू झालेच, तर ते काही मिनिटांत तापून किंवा घासून निकामी होते.

म्हणून पहिले काम निरीक्षणाचे आहे. ट्रॅक्टरचा अनुक्रमांक आणि इंजिनाच्या आवरणावरील पट्टीवर असलेला विनिर्देश क्रमांक लिहून घ्यावा. सुटे भाग मागवताना या दुसऱ्या क्रमांकाशिवाय पुढे जाता येत नाही. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. तारा कोठून कोठे जातात, कोणत्या भोकात कोणती स्प्रिंग अडकवली आहे, कोणता बोल्ट लांब व कोणता आखूड आहे, हे दोन महिन्यांनी आठवत नाही. काढलेले बोल्ट चिठ्ठी लावलेल्या डब्यांत ठेवण्याची शिस्त प्रथम कंटाळवाणी वाटते, पण जोडणीच्या वेळी तिचे मोल कळते.

यानंतर इंजिनावरील पत्र्याचे आवरण काढून शीतपंख साफ करतात. हे इंजिन हवेने थंड होणारे आहे. फ्लायव्हीलच्या पात्यांनी ढकललेली हवा सिलिंडरभोवतीच्या पंखांमधून जाते. त्या फटींत गवत, चिखल आणि घरट्याचा कापूस भरला असेल तर ती हवा अडते. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या यंत्रातही आवरणाखाली मूठभर कचरा निघणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

जखडलेले इंजिन

स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवून पाहणे ही पहिली कसोटी होय. ते फिरत नसेल तर इंजिन 'जाम' आहे. बहुतेक वेळा याचे कारण पाणी असते. इंजिन ज्या क्षणी थांबले त्या क्षणी एखादी झडप उघडी राहिलेली असते. उभ्या धुराड्यातून किंवा कार्बोरेटरच्या वाटेने आलेला ओलावा तेथून सिलिंडरमध्ये उतरतो आणि पिस्टनच्या रिंगा बिडाच्या भिंतीला गंजाने चिकटतात.

यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे वेळ. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारे पातळ तेल ओतून काही दिवस, प्रसंगी काही आठवडे मुरू देतात. अनेक संग्राहक अॅसिटोन आणि स्वयंचलित गिअरपेटीचे तेल समप्रमाणात मिसळून वापरतात. हे मिश्रण अत्यंत ज्वलनशील असल्याने ते उघड्या जागेत, ज्योतीपासून दूर हाताळावे लागते. मग फ्लायव्हीलला थोडा जोर देऊन मागेपुढे हलवतात. सुताइतकी हालचाल झाली तरी काम साधले असे समजावे. पुन्हा तेल, पुन्हा प्रतीक्षा. स्टार्टरने धक्के देणे किंवा ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून दुसऱ्या वाहनाने ओढणे हे उपाय कटाक्षाने टाळावेत. या इंजिनातील जोडदांडा अॅल्युमिनिअमचा असतो. पिस्टन घट्ट बसलेला असताना चाकांकडून आलेला जोर हा दांडा सहन करू शकत नाही.

एवढ्याने पिस्टन सुटला नाही तर हेड उघडतात. के-मालिकेतील इंजिनांत झडपा हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला ठोकळ्यात असतात. त्यामुळे हेड म्हणजे केवळ पंख असलेले एक झाकण असते आणि ते काढणे नवशिक्यालाही जमते. एखादी झडप उघड्या स्थितीत अडकली असेल तर ती आता दिसते. या रचनेत पिस्टन झडपेवर आदळत नसल्याने तिथे सहसा मोठे नुकसान झालेले नसते. हेड परत बसवताना नवे गॅस्केट घालून बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळतात. के-१६१ व के-१८१ यांसाठी हा जोर १५ ते २० फूट-पौंड इतकाच आहे. 'आणखी थोडे घट्ट' करण्याच्या सवयीने हेड वाकते आणि गॅस्केट फुंकले जाते.

सिलिंडरच्या भिंतीवर नुसता डाग असेल तर हलक्या घासणीने तो निघतो. नखाला लागण्याइतके खड्डे पडले असतील तर मात्र सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवणे भाग पडते. असे पिस्टन मूळ मापापेक्षा ०.०१०, ०.०२० व ०.०३० इंच मोठे मिळतात. बिडाच्या ठोकळ्याला हे पुनःपुन्हा सोसते, हा त्याचा मोठा गुण आहे.

दाब मोजताना होणारी चूक

सिलिंडरमधील दाब मोजून इंजिनाची प्रकृती ठरवण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु या मालिकेतील अनेक इंजिनांत सुरू होताना दाब आपोआप कमी करणारी योजना कॅमशाफ्टवर बसवलेली असते. मंद गतीत ती एक झडप किंचित उघडी ठेवते, म्हणजे इंजिन सहज फिरते. गती वाढल्यावर ती बाजूला होते. अशा इंजिनाला दाबमापक लावला तर आकडा नेहमीच फसवा व कमी येतो, आणि अनेकांनी तेवढ्यावरून चांगली इंजिने विनाकारण खोलली आहेत. त्याऐवजी फ्लायव्हील उलट दिशेने हाताने फिरवून पिस्टनचा प्रतिकार जाणवतो का ते पाहावे. अधिक अचूक निदान हवे असेल तर सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कोठून गळते हे तपासावे. फुसफुस धुराड्यातून आली तर निकास झडप, कार्बोरेटरमधून आली तर प्रवेश झडप आणि ऑइल भरण्याच्या नळीतून आली तर रिंगा दोषी असतात.

ठिणगी

पेट्रोल इंजिनाला हवा-इंधनाचे मिश्रण, दाब आणि योग्य वेळी ठिणगी लागते. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या इंजिनात ठिणगी नसण्याचे सर्वांत सामान्य कारण फार किरकोळ असते: पॉइंटच्या टोकांवर चढलेला ऑक्साइडचा थर. लँब्रेटा किंवा जुनी चेतक स्कूटर सांभाळलेल्या वाचकांना पॉइंट आणि कंडेन्सर ही जोडी नवी नाही. कोहलरच्या या इंजिनात एक सोय आहे. पॉइंट फ्लायव्हीलखाली दडवलेले नसून इंजिनाच्या बाहेरील बाजूस छोट्या झाकणाखाली असतात आणि कॅमशाफ्टने हलणारी एक लहान दांडी ते उघडते. त्यामुळे फ्लायव्हील न काढता ते स्वच्छ करता येतात.

पॉइंटची टोके पॉलिश पेपरने किंवा बारीक कानसीने हलकेच घासून, कोऱ्या कागदाची पट्टी त्यांमधून ओढून धूळ काढतात. पूर्ण उघडलेल्या स्थितीत त्यांतील अंतर ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवतात. बॅटरीवर चालणाऱ्या प्रज्वलन पद्धतीत स्पार्क प्लगचे अंतर ०.०३५ इंच असते. कंडेन्सर स्वस्त असल्याने तो तपासत बसण्यापेक्षा बदलणे बरे. मात्र जुना भाग टाकून देऊ नये, कारण नव्याने बनवलेले भाग प्रत्येक वेळी जुन्याइतके चांगले निघतातच असे नाही.

या ट्रॅक्टरांपैकी अनेकांवर सुरुवात करणारी मोटर व वीज निर्माण करणारा जनित्र ही दोन्ही कामे एकच यंत्र करते आणि ते पट्ट्याने इंजिनाला जोडलेले असते. दीर्घकाळ पडून राहिल्यावर त्यातील अवशिष्ट चुंबकत्व नाहीसे होते. मग इंजिन चालते, पण बॅटरी चार्ज होत नाही. अशा वेळी इंजिन बंद असताना व्होल्टेज रेग्युलेटरवरील बॅटरी व आर्मेचर ही दोन टोके तारेने केवळ क्षणभर जोडतात. एक बारीक ठिणगी उडते आणि जनित्राची ध्रुवता पुन्हा स्थापित होते. ही क्रिया माहीत नसल्याने पुष्कळ चांगली जनित्रे बाद ठरवली जातात.

इंधन

साठून राहिलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि मागे डिंकासारखा चिकट, आंबूस वासाचा थर उरतो. तो कार्बोरेटरच्या बारीक मार्गांत घट्ट बसतो. कार्बोरेटर पूर्ण खोलून, फ्लोट व रबरी भाग बाजूला काढून, विशिष्ट द्रावणात बुडवून व दाबाच्या हवेने प्रत्येक छिद्र मोकळे करावे लागते. जेटच्या छिद्रात तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्राचे माप बदलते आणि मग इंजिनाला नेमके किती इंधन मिळते याचा हिशेबच बिघडतो.

टाकीतील गंज काढण्यासाठी व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. त्यानंतर सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून टाकी ताबडतोब कोरडी करावी लागते, नाहीतर काही तासांतच तिच्यावर पुन्हा तांबूस थर येतो. रबरी नळ्या सर्व बदलाव्यात. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही. भारतातही आता हाच प्रश्न जुन्या वाहनांच्या मालकांना भेडसावतो आहे.

पहिला प्रारंभ

जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरल्याशिवाय इंजिन फिरवू नये. के-मालिकेच्या इंजिनाला ऑइलपंप नाही. जोडदांड्याच्या टोकाला असलेला चमचा खालच्या ऑइलमध्ये बुडतो आणि ते सर्वत्र उडवतो. वंगणाची सारी व्यवस्था या शिंतोड्यांवर चालते. पातळी थोडी जरी कमी असली, किंवा ट्रॅक्टर तीव्र उतारावर बराच वेळ तिरका राहिला, तरी चमचा कोरडा फिरतो. उबदार हवेत साध्या ३० क्रमांकाच्या ऑइलची शिफारस केली जाते.

दुसरी पूर्वअट गव्हर्नरची. थ्रॉटल, स्प्रिंग व जोडकाड्या योग्य जागी आहेत आणि त्या मोकळ्या हलतात, याची खात्री करावी. या इंजिनाची कमाल गती मिनिटाला ३,६०० फेऱ्या आहे. स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकली किंवा जोडकाडी अडखळली तर इंजिन बेफाम पळते आणि अॅल्युमिनिअमचा जोडदांडा तुटून बिडाचा ठोकळा फोडून बाहेर येतो. म्हणूनच इंजिन सुरू करण्याआधी ते बंद कसे करायचे, हे ठरलेले असावे. बॅटरी-प्रज्वलन असेल तर कॉइलची तार हातासरशी ओढता येईल अशी ठेवतात. त्याशिवाय कार्बोरेटरचे तोंड दाबून बंद करण्यासाठी एक फळीचा तुकडा जवळ असतो.

ट्रॅक्टर मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, चाकांना अडण लावून उभा करतात. बंद गोठ्यात किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइडने माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला त्याची जाणीवही होत नाही. गंजक्या टाकीऐवजी बाजूला टांगलेल्या लहान बाटलीतून स्वच्छ पेट्रोल देतात. ईथरचा फवारा मारण्यापेक्षा प्लगच्या भोकात चहाच्या चमचाभर पेट्रोल पुरते. इंजिनाने एकदोन ठोके देऊन दम तोडला तर ठिणगी व दाब ठीक आहेत आणि दोष इंधनाच्या वाटेत आहे, हे उघड होते. निदानाच्या दृष्टीने हे दोन ठोके फार मोलाचे असतात.

पहिल्या वेळी धुराचा लोट येणे स्वाभाविक आहे. सिलिंडरमध्ये ओतलेले तेल जळून जाईपर्यंत तो राहतो. पाच-दहा मिनिटांनंतर इंजिन बंद करून गरम असतानाच ऑइल पुन्हा बदलतात, कारण आत सुटलेला गंज व मळ आता त्यात उतरलेला असतो.

गिअरपेटी, चाके व सुकाणू

मागील गिअरपेटीतील तेल ताकासारखे पांढरट निघाले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. असे तेल काढून पेटी धुवून घेतली तर पोलादी दातेचक्रे बहुधा शाबूत आढळतात. थेट दांड्याच्या कब कॅडेटमध्ये क्लचच्या दांड्यावरील खिळींची भोके झिजून लांबोडी होतात. क्लच सोडताच जो खाडखाड आवाज येतो तो याचाच. पुढील धुऱ्याच्या मधल्या खिळीला आणि सुकाणूपेटीला आलेला सैलपणा चालवताना धोकादायक ठरतो. ब्रेकची परीक्षा ट्रॅक्टर हाताने ढकलून करावी, उतारावर चालवून नव्हे.

पकड वाढावी म्हणून मागच्या टायरांत कॅल्शिअम क्लोराइडचे द्रावण भरण्याची जुनी प्रथा होती. ते गळू लागले की रिम आतून कुजते. बाहेरून धड दिसणारे रिम टायर उतरवताना हातात तुकड्यांनी येते, असा अनुभव नेहमीचा आहे.

गंज व रंग

यंत्र चालू लागल्यानंतरच रंगाचा प्रश्न येतो. पत्र्यावरील व बिडावरील गंज काढण्यासाठी विद्युत-अपघटनाची घरगुती पद्धत लोकप्रिय आहे. प्लास्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन, बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला व धन टोक टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला जोडतात. धातू न झिजता गंज सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमिअम पाण्यात उतरते. अॅल्युमिनिअमचे भाग या द्रावणात विरघळतात, तर कडक स्प्रिंगा ठिसूळ होतात. शिवाय या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती उघड्यावर करावी लागते.

जुना रंग कोरडा घासणे हा या छंदातील सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. त्या काळच्या यंत्रांवरील रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर निर्बंध आले ते १९७८ मध्ये. घासताना उडणारी धूळ कपड्यांबरोबर घरात येते आणि लहान मुलांच्या मेंदूवर तिचा विपरीत परिणाम होतो. ओले घासणे किंवा रासायनिक द्रावणाने रंग सोडवणे, योग्य मुखपट्टी वापरणे व कामाचे कपडे घरात न आणणे ही किमान काळजी होय. जुनी गॅस्केटे, क्लच व ब्रेकचे अस्तर यांत अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे तेथे साठलेली धूळ फुंकून काढू नये.

रंगकाम स्वतः फारसे अवघड नाही. गंज काढलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर चढवावा, खळगे पुटीने भरावेत आणि रंगाचे जाड एकच पूट देण्याऐवजी पातळ पुटे द्यावीत. कब कॅडेटच्या पिवळ्या व पांढऱ्या रंगांच्या जुळत्या छटा आजही मिळतात. अक्षरांची चिकटपत्रेही नव्याने छापून विकली जातात.

मूळपणाचा वाद

यंत्र किती पूर्ववत करावे, याबाबत संग्राहकांत एकमत नाही. एका पक्षाच्या मते कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिवशी जसे होते तसे यंत्र दिसले पाहिजे. दुसरा पक्ष झिजलेला मूळ रंग तसाच ठेवून त्यावर केवळ तेलाचा किंवा मेणाचा हात देतो. या पक्षाचे म्हणणे असे की, रंग पुन्हा केव्हाही देता येतो, पण मूळ रंग एकदाच असतो.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. क्लचच्या पायपट्टीवरील झीज, बैठकीखाली कोणी तरी ठोकून बसवलेली शेतातली पट्टी, हेडवर कोरलेली दुरुस्तीची तारीख या गोष्टी यंत्र कोणी व कसे वापरले याचा पुरावा असतात. कारखान्याची नोंदपुस्तके त्या सांगू शकत नाहीत. वाळूच्या माऱ्याखाली हा पुरावा एका दुपारी नाहीसा होतो. उलट, पत्रा आरपार कुजू लागला असेल तर 'मूळ' म्हणून तो तसाच ठेवणे हे जतन नसून निष्काळजीपणा ठरतो. व्यवहारात मध्यममार्ग असा दिसतो: यांत्रिक भाग निःसंकोच दुरुस्त करावेत, बदललेले मूळ भाग जपून ठेवावेत, आणि रंग घासण्यापूर्वी प्रत्येक खुणेचे छायाचित्र घ्यावे. अनेक छटांचे थर असतील तर कोपऱ्यातील तळहाताएवढी जागा मुद्दाम न घासता सोडण्याची पद्धतही काही जण पाळतात.

आर्थिकदृष्ट्या हा व्यवहार क्वचितच फायद्याचा ठरतो. रंग, टायर, बेअरिंगा व इंजिनकाम यांचा खर्च बहुधा तयार ट्रॅक्टरच्या किमतीहून अधिक होतो. मशागतीची, बर्फ हटवण्याची किंवा नांगरणीची मूळ अवजारे सोबत असतील तर मात्र किंमत लक्षणीय वाढते, कारण ट्रॅक्टर टिकले तरी अवजारे बहुधा इतस्ततः झालेली असतात.

संस्था व मेळावे

अमेरिकेत 'व्हिंटेज गार्डन ट्रॅक्टर क्लब ऑफ अमेरिका' आणि ब्रिटनमध्ये 'व्हिंटेज हॉर्टिकल्चरल अँड गार्डन मशिनरी क्लब' या संस्था या यंत्रांच्या संग्राहकांना एकत्र आणतात. प्रदर्शनांबरोबरच 'नांगरणी दिवस' हा या मेळाव्यांचा आवडता प्रकार आहे. एखाद्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात वीस-पंचवीस छोटे ट्रॅक्टर एका फाळाचे नांगर लावून ओळीने तास काढतात. नुकताच रंगवलेला ट्रॅक्टर मातीत घालावा की नाही, यावर तेथेही चर्चा होते. सुरक्षेची जी साधने नव्या यंत्रांत सक्तीची झाली आहेत, ती या यंत्रांत नसतात. चालक बैठकीवरून उठला तरी इंजिन आपोआप बंद पडत नाही, आणि ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी कमानही नसते. म्हणून काही मेळाव्यांत इंजिन तत्काळ बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला बांधलेली असते.